बारावा पट्टा

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कसा असेल? उभ्या आयुष्यात मी स्वतःच तीनदा भूत झालेलो आहे! एकदा आमच्या हेडमास्तरांसाठी, एकदा सासुरवाडीच्या मंडळींसाठी, आणि एकदा... पांढरं धोतर पांघरून गोठ्यात झोपलो होतो तेव्हा, अगदी नकळत. त्यामुळं या सदरात कुणी 'झाडाखाली पांढरी आकृती दिसली' असं लिहितं, तेव्हा मला पहिला प्रश्न पडतो की धोतर कुणाचं होतं?

तर असा मी. आणि तरीही एक गोष्ट गेली पंचवीस-तीस वर्षं माझ्याकडे पडून आहे. ती भर उन्हात घडली, वीस-पंचवीस माणसं शेतात असताना घडली, आणि घडताना मात्र कुणीच पाहिली नाही. वर त्यात माझा स्वतःचा हात होता. म्हणजे चूक माझीच होती. सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी पिंपळगाव राजाचा, शेतकऱ्याच्या घरातला, नुकताच मास्तर झालेला. पहिलीच नेमणूक मिळाली ती साळझिरीला. बुलडाणा जिल्ह्याच्या पार उत्तरेला, संग्रामपूरच्याही वर, जिथं काळं सपाट रान संपतं आणि सातपुडा सुरू होतो, तिथं हे गाव. एस.टी. संग्रामपूरपर्यंत. पुढं बैलगाडी, आणि बैलगाडी मिळाली नाही तर आपले दोन पाय. वीज नाही, दुकान नाही. शाळा म्हणजे एक खोली, आणि स्टाफ म्हणजे मी.

गाव बारा घरांचं. बारा म्हणजे मोजून बारा. त्याची एक कथा होती आणि ती गावातलं शेंबडं पोरही घडाघडा सांगायचं. चार-पाच पिढ्यांपूर्वी ही माणसं खाली पूर्णेच्या काठी खारपाणपट्ट्यात राहायची. तिथं विहीर खणली की खारं पाणी. वरण शिजवायला मीठ लागू नये असलं पाणी! शेवटी कंटाळून बारा कुटुंबं बारा बैलजोड्या घेऊन गोड पाणी शोधत डोंगराकडे निघाली, आणि इथं त्यांना झिरा सापडला. त्या झिऱ्यावर ज्या क्रमानं बैलांनी तोंड घातलं, तो क्रम गावानं कायमचा धरला. पोळ्याला बैल त्याच क्रमानं निघायचे, पंगतीत पानं त्याच क्रमानं मांडली जायची, विहिरीवर पाण्याची पाळीही तीच. पहिलं घर उखर्डाजींचं. बारावं घर वामनचं, कारण म्हणे त्याच्या पणज्याचे बैल वाटेत बसले ते उठेचनात.

आणि याच क्रमानं इर्जिक व्हायची. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. एखाद्याचं शेत वेळेत होत नसेल, तर सगळं गाव आपापल्या जोड्या घेऊन त्याच्या शेतात उतरतं आणि एका दिवसात काम उरकून देतं. मजुरी नाही. घरधन्यानं फक्त जेवू घालायचं, आणि दुसऱ्याची पाळी आली की आपली जोडी न्यायची. म्हणूनच गावाचा एक कडक नियम होता: ज्याच्याकडे जोडी नाही, त्याचं नाव बारांतून जातं. जो परत मदतीला येऊ शकत नाही, त्यानं मदत घ्यावी कशी? नियमाला सवलत एकच. त्या हंगामात त्याचं शेत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, म्हणजे या बांधापासून त्या बांधापर्यंत पेरलं गेलं, तर आणखी एक वर्ष नाव राहतं. तेवढ्यात त्यानं जोडी जमवावी. पण एक पट्टा जरी पडीक राहिला, तरी नाव गेलं.

वामन त्या श्रावणात तापानं गेला. पस्तिशीचा माणूस. मी येईपर्यंत गावातला सगळ्यात बडबड्या तोच होता. मी आल्यावर आम्ही दोघं झालो, आणि उखर्डाजी म्हणायचे की आता साळझिरीत शांतता फक्त झिऱ्यावर उरली. मागे राहिली त्याची बायको सुभद्रा. मूलबाळ नाही. बैल एकच, कारण दुसरा उन्हाळ्यातच दगावला होता. म्हणजे जोडी मोडलेली.

दसरा झाला आणि जानेफळहून सुभद्रावैनींचे थोरले भाऊ गणपतराव आले. धिप्पाड माणूस, काखेत छत्री, आवाज असा की आमच्या वर्गातली पोरं पाढे म्हणायची थांबली. मी लगेच पाराकडे गेलो. एवढा आवाज ऐकून घरात बसणं माझ्या स्वभावात नाही.

"सुभे, बस झालं आता," गणपतराव म्हणत होते. "माह्या घरी चाल. तुही एक भाकर जड नाही होत आमाले."

"भाकरीचं नाही दादा. माहं घर अठी हाय."

"घर! जोडी हाय का? नाई. मंग नाव कसं राह्यते? उद्या पंगतीत पान मांडाले कोनी बोलावन नाही तुले."

वैनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. तेव्हा उखर्डाजी खाकरले. सत्तरीचे, गुडघ्यांनी गेलेले, पण गावात शब्द त्यांचा.

"गणपतराव, इर्जिक घालतो आमी. शेत पुरं पेरलं त नाव राह्यते सालभर."

"अन् एखादा पट्टा राह्यला त?"

"त मंग तुमी अन् तुमची बहीण. मी आडवा नाही येत."

"ठरलं," गणपतरावांनी छत्री जमिनीवर आपटली. "हरभरा उगवला का येतो मी पाह्याले. गाडी संगंच आनतो."

माणूस वाईट नव्हता हो. बहिणीला एकटं ठेवून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं, एवढंच. जाताना झिऱ्यावर तोंड धुण्याच्या निमित्तानं त्यानं बराच वेळ डोळे धुतले. मी पाहिलं. मी सगळंच पाहतो.

आता माझी चूक.

इर्जिकीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला पारावर नावं घ्यायची रीत. उखर्डाजी डोळे मिटून, क्रमानं, घरधन्याचं नाव घ्यायचे. ज्याचं नाव तो "हाव" म्हणायचा. 'हाव' म्हणजे उद्या जोडी नक्की. पिढ्यान् पिढ्या हे तोंडी चाललेलं. पण मी पडलो शिकलेला! मी म्हणालो, "मी लिवून घेतो. शेताचे सारखे पट्टे पाडतो, म्हंजे गडबड नाही." उखर्डाजींनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लिवा बाप्पा. लिवल्यानं काही बैल वाढत नाहीत."

अंधारून आलं होतं, माणसं नीट दिसत नव्हती. नाव यायचं, कुठून तरी 'हाव' यायचं, मी लिहायचो. 'हाव' ऐकल्याशिवाय पेन्सिल टेकवायची नाही, असा नियमच केला होता मी. कागद भरला. नावं झाली बारा.

सकाळी दोरी घेऊन शेतात गेलो. वामनचं शेत वीस-बावीस एकरांचा एकच लांब तुकडा, नाल्यापलीकडचा. शेवटी एक टेकाड होतं आणि शेवटचा पट्टा त्या टेकाडाच्या आड जायचा, इकडून दिसत नव्हता. मी मोठ्या टेचात बारा पट्टे आखले, खुंट्या ठोकल्या, खुंट्यांना चिंध्या बांधल्या. वैनींना जाऊन सांगितलं, "बियाण्याच्या बारा पोटल्या बांधा."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "बारा?"

"बारा."

"बरं," म्हणाल्या, आणि बांधल्या.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता की नाही? एक घर त्यांचंच, आणि त्या घराला जोडी नाही, म्हणजे येणार किती? पहिलीतल्या पोराला जमणारी वजाबाकी! पण मी त्या वेळी मनातल्या मनात भाषण करत होतो... शेतीत कागदाचं महत्त्व.

इर्जिक काय सुरेख असते म्हणून सांगू. एकामागून एक जोड्या नाला ओलांडून आल्या, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, तिफणींना हळदकुंकू. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरायचं अवजार. पुरुष ती हाकतो, आणि मागून बाई चालते. तिच्या कमरेला बियाणं, आणि ती मुठीनं तिफणीच्या चाड्यात, म्हणजे लाकडी वाटीत, दाणे सोडत राहते. त्या दिवशी सुभद्रावैनी मात्र शेतात पेरायला नव्हत्या. घरधनीण म्हणून दोघी बायांना घेऊन लिंबाच्या झाडाखाली रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजत होत्या. गोवऱ्यांच्या धगीवर शेकडो रोडगे आणि मोठ्या गंजात वांग्याची भाजी. सकाळपासून सूर्य कलेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. हे मी छातीठोक सांगतो, कारण माझं अर्धं लक्ष त्या गंजाकडे होतं.

उरलेलं अर्धं लक्ष तिफणीकडे. उखर्डाजींचे गुडघे साथ देत नव्हते, म्हणून त्यांची तिफण मी हाकायला घेतली. "शेतकऱ्याच्या पोटचा हाय मी!" असं सगळ्यांना ओरडून सांगितलं. मागं बियाणं सोडायला त्यांची सून. पहिल्याच फेरीत ती म्हणाली, "मास्तर, बैल जातात तिकडं तुमी चालले, का तुमी जाता तिकडं बैल?" मी म्हणालो, आमचा विचारविनिमय चालू आहे.

दिवस कलला. पट्टे उरकत आले, मागून वखर फिरवून माती लोटली गेली, माणसं लिंबाखाली टेकली. तेवढ्यात वैनी टोपलीतून एक पोटली घेऊन माझ्याकडे आल्या. गाठही न सुटलेली.

"मास्तर, ही एक राह्यली."

"कोनाची?"

"मले काय ठाव? तुमीच बारा म्हनलं."

मी ऐटीत खिशातून कागद काढला आणि मोठ्यानं नावं वाचू लागलो. ज्याचं नाव, तो हात वर करत होता. संपत... माणिक... अकरा झाली. बारावं माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मग मला त्याचा अर्थ कळला.

"वामन."

एका बैलाच्या घुंगरमाळेचा आवाज तेवढा आला.

"काय वाचलं मास्तर?" उखर्डाजी.

"तुम्हीच घेतलं काल नाव. सवयीनं आलं असंन तोंडात..."

"मी अकरा नावं घेतली," म्हातारा सावकाश म्हणाला. "बारावं घ्याले गेलो अन् आवंढा आला गळ्यात. घेतलंच नाही मी."

"अकराच होती," संपत म्हणाला.

"बारा होती!" माणिकची बायको मागून. "मी सोता ऐकलं. हाव बी ऐकलं."

"तू त काहीबी ऐकतं," माणिक म्हणाला.

"तुमचं घोरनं ऐकून ऐकून कान तयार झाले माहे!"

कुणी हसलं नाही. आता मला हिशेब कळला होता. अकरा पट्टे आखले असते तर सगळं शेत पेरलं गेलं असतं. मी बारा आखले. म्हणजे टेकाडाआडचा एक पट्टा कोरा, शेत अपुरं, वैनींचं नाव बारांतून बाद, आणि गणपतरावांची गाडी जानेफळहून निघालीच म्हणून समजा. एका बाईचं गाव मी पेन्सिलीनं खोडलं होतं.

वैनी माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

"बसले काऊन बे?" संपत उठला. "जुपा जोडी. घडीभर उजेड हाय अजून." सगळे उठले, आम्ही टेकाडाला वळसा घालून गेलो.

आणि थांबलो.

पट्टा पेरलेला होता. ताजे तास, म्हणजे तिफणीनं ओढलेल्या रेघा, वरून माती लोटलेली, या बांधापासून त्या बांधापर्यंत. कडेला बैलांची खुरं उठलेली. खुंटीला माझी चिंधी हलत होती.

"कोनं केलं हे?" उखर्डाजींनी विचारलं. संपत म्हणाला मी नाही, माणिक म्हणाला मी नाही, अकराच्या अकरा जण नाही म्हणाले. प्रत्येक तिफण दिवसभर कुणा ना कुणाच्या नजरेत होती. आणि बियाण्याची पोटली तर वैनींच्या हातात! मग सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. थट्टेखोर म्हणून माझी ख्याती होतीच.

"मास्तर, खरं सांगा. मस्करी केली ना?"

"आईची आन! मी त तिकडं बैलासंग भांडत होतो!"

"कोनी रिकामी तिफण फिरवली असंन," संपत पुटपुटला. "दाना नसंन आत."

हीच भीती होती. पण आता करता येण्यासारखं काहीच नव्हतं. एकदा पेरलेल्या जमिनीत त्या हंगामात दुसऱ्यांदा तिफण घालायची नाही, हा त्यांचा नियम, पहिल्यापेक्षाही कडक. आत दाणा असला तर दुसरी तिफण त्याला उलथून टाकेल. उखर्डाजी म्हणाले, "उगवलं त पेरलं. नाई उगवलं त नाई पेरलं. वाट पाहा."

ते दिवस मी कसे काढले! रोज शाळेआधी त्या पट्ट्याच्या कडेला जाऊन बसायचो. एकदा बोटानं माती उकरायलाच लागलो, तर मागून उखर्डाजींची काठी पाठीत टोचली. "मास्तर, कोंबडी अंडे उबवतांनी तिले उठवून पाह्यता का तुमी?"

आठ-दहा दिवस झाले असतील. गणपतरावांची गाडी एका सकाळी गावात शिरली. छत्रीसकट. गाडीत सामानासाठी जागा मोकळी ठेवलेली, दोऱ्याही आणलेल्या. सगळं गाव शेताकडे निघालं. वैनी सगळ्यांच्या मागे. मी त्यांच्याही मागे, तोंड लपवत.

आता ऐका. हरभरा उगवला की साळझिरीची माणसं शेत वाचायची, अगदी आपण अक्षर ओळखतो तसं. कुणाची तिफण, कुणाच्या बायकोची मूठ, उगवलेल्या रांगेवरून बिनचूक सांगायची. उखर्डाजी काठी टेकत पुढं, आम्ही मागं.

"हा संपत. पाहा, बायको दाट सोडते त्याची, मायेची हाय. हा मानिक. वळतांनी घाई, घरी जायाची. अन् हे..." ते थांबले. "हे काय बे? साप गेला का अठून?"

"मास्तर!" सगळं गाव एका सुरात ओरडलं.

गणपतरावसुद्धा हसले. पुढं कित्येक वर्षं त्या भागात वाकडं काही दिसलं की त्याला 'मास्तरचे तास' म्हणायचे. असो.

पट्ट्यामागून पट्टा झाला. अकरा संपले. टेकाड आलं. हसणं थांबलं. उखर्डाजी वळसा घालून पुढं गेले, आणि त्यांची काठी हातातून गळून पडली.

उगवला होता. हिरवागार, रांगेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत!

मी उडीच मारणार होतो. पण माझ्या आजूबाजूचं कुणीच आनंदानं ओरडलं नाही. सगळे एकाच ठिकाणी बघत होते, पट्ट्याच्या मधोमध. तिथं प्रत्येक रांगेत, अगदी प्रत्येक, एका जागी रोपांचा दाट झुबका होता. पुढं रांग पुन्हा नीट. एकाशेजारी एक असे झुबके पट्टाभर आडवे पसरलेले, हिरव्या पाटीवर कुणी टिंबं द्यावीत तसे.

"हे काय हाय?" गणपतरावांनी विचारलं. बाहेरचा माणूस, त्यांना कळेना. मलाही.

माणिकच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. "वामनभाऊच्या गप्पा," ती म्हणाली.

मग उखर्डाजींनी सांगितलं. वामन पेरताना कधी सरळ तास संपवायचाच नाही. अर्ध्यावर आला की बैल थांबवायचा, मागं वळायचा आणि वैनींना काहीतरी सांगायचा. कुणाची नक्कल, कुठला चावटपणा. वैनी हसायला लागायच्या, हसता हसता मूठ सुटायची आणि तिथं दाण्यांचा ढीग पडायचा. दरवर्षी त्याचं शेत उगवलं की मधोमध झुबक्यांची ओळ. गाव चिडवायचं, "वामनच्या गप्पा उगवल्या का रे?" तो म्हणायचा, "उगवल्या. यंदा पीक जोरात हाय."

गणपतराव बहिणीकडे वळले. चेहरा लाल. "सुभे, तूच पेरलं हे. चोरून. नाव राहावं म्हनून."

वैनी पुढं आल्या. पहिल्या झुबक्यापाशी बसल्या. कोवळ्या रोपांवरून हात फिरवला.

"दादा, पेरलं असतं न मी. पन एकटीनं असा झुबका पडत नाही. हासल्याबिगर मूठ सुटत नाही माही. अन् चार महिन्यांत मी एकदाबी हासली नाही. गावाले इचार."



मग वैनींनी त्या झुबक्यांच्या ओळीवरून नजर फिरवली. एक, दुसरा, तिसरा, पार बांधापर्यंत. आणि त्यांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडताहेत. नाही. हसत होत्या! "मेल्यानं," त्या म्हणाल्या, "एकाबी तासात तोंड बंद नाही ठेवलं!" आणि त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की शेवटी डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि दोघी बायांना त्यांना धरून उठवावं लागलं.

उखर्डाजींनी काठी उचलली. "धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत," ते म्हणाले. "शेत पुरं. नाव राह्यलं. गणपतराव, गाडी रिकामी न्या."

गणपतराव गाडी रिकामीच घेऊन गेले.

त्यानंतर मी स्पष्टीकरण शोधायला काय कमी धडपड केली? खामगावला एका शेतकी खात्यातल्या ओळखीच्या साहेबांना गाठलं. ते म्हणाले, गेल्या वर्षीचं सांडलेलं बियाणं उगवलं असणार. मी म्हणालो, साहेब, गेल्या वर्षी तिथं ज्वारी होती, आणि सांडलेलं बियाणं रांगेनं उगवतं का? ते म्हणाले, मग कुणीतरी गुपचूप पुण्य केलं असेल. असेलही! पण अकरा जोड्यांची अकरा माणसं सगळ्यांच्या नजरेसमोर, बाराव्या पोटलीची गाठ तशीच, शेजारचं गाव दोन कोसांवर. आणि पुण्य करणारा माणूस प्रत्येक तासात थांबून हसायला कशाला जाईल? पारावर ते 'हाव' कोण म्हणालं, हेही मी घरोघर विचारलं. कुणीच कबूल केलं नाही. तो कागद माझ्याकडे अजून आहे. बारावं नाव माझ्याच अक्षरात, जरा दाबून लिहिलेलं. माझ्या शंकेखोर डोक्याला आजही उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगू? आता मी शोधतही नाही.

पौषात घाटे भरले तेव्हा वैनींनी सगळ्या गावाला हुळा खायला बोलावलं. हुळा म्हणजे ओला हरभरा काट्याकुट्यांच्या जाळावर भाजून, हात-तोंड काळं करत खायचा. गणपतरावही आले, न बोलावता. गाडीमागं एक तरणाबांड गोऱ्हा बांधून आणलेला, बहिणीची जोडी पुरी करायला. "घरी उगंच खात होता," एवढंच म्हणाले.

जाळावर भाजायला डहाळे, म्हणजे घाट्यांसकट हरभऱ्याची रोपं, आणायला ते एकटेच टेकाडाकडे गेले. मी अर्थातच मागोमाग. बाराव्या पट्ट्याच्या कडेला त्यांनी वहाणा काढल्या, छत्री खाली ठेवली, इकडंतिकडं पाहिलं आणि तो दणदणीत आवाज होता होईल तेवढा लहान करून म्हणाले, "जवाईबुवा, दोन डहाळे घेतो हं."

मग थांबले. मान जराशी तिरपी करून, कुणाचं तरी पूर्ण ऐकून घ्यावं तसे बराच वेळ थांबले. मला वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

"बरं बरं, पुरे आता," गणपतराव हसू दाबत म्हणाले, आणि त्यांनी दोनाच्या जागी चार डहाळे उपटले.